डोंगरीच्या फाट्यावरचा कंदील

दत्ताराम मांडवकर गेल्याचा फोन कुसुमवहिनींनी स्वतः केला. सकाळचे साडेनऊ वाजले होते. "भावोजी, हे गेले. साडेसातला. चहा अर्धाच घेतला होता," असं त्या म्हणाल्या, आणि पुढे, "तुम्ही जेवून निघा. घाई करण्यासारखं आता काही नाही." सत्तावीस वर्षं त्यांनी बाळंतपणं केली. बातमी कशी सांगायची हे त्यांना माहीत होतं. शांती नगरहून इंद्रलोकला पोचायला मला रिक्षाने चाळीस मिनिटं लागली. इमारतीखाली वीस-पंचवीस माणसं उभी होती. त्यांच्या बोलण्यातून कळलं ते असं : मांडवकर काका शहाऐंशी वर्षांचे होते, शेजाऱ्यांचे मिक्सर आणि पंखे दुरुस्त करून देत, लिफ्टमध्ये शिरताना आधी दुसऱ्याला जाऊ देत. हे सगळं बरोबर होतं. पण साठ-सत्तरच्या दशकांत भाईंदर ते उत्तन या रस्त्यावरच्या पाच गावांत हा माणूस एका दिव्यावरून ओळखला जाई, हे तिथे कुणाला माहीत नव्हतं. माहीत असण्याचं कारणही नव्हतं. तो स्वतः कधी सांगत नसे.

दत्ताराम मूळचा रत्नागिरीकडचा. एकोणिसाव्या वर्षी इकडे आला, लेथवरचं काम शिकला आणि भाईंदर पूर्वेच्या एका लहान कारखान्यात टर्नर म्हणून लागला. पश्चिमेला, स्टेशनपासून सात मिनिटांवर एका चाळीत आमच्या खोल्या लागून होत्या. मधली भिंत फळ्यांची होती, त्यामुळे त्याच्या घरातली भांडणं मला पाठ होती आणि माझ्या घरातली त्याला. मी मुंबईच्या एका दैनिकात उपसंपादक होतो, बहुतेक संध्याकाळच्या पाळीत. तो मला 'पेपरवाल्या' म्हणे. कुसुमवहिनी स्टेशनजवळच्या एका खासगी प्रसूतिगृहात प्रसविका होत्या, आणि या सगळ्या हकिगतीचं मूळ त्यांच्या कामात आहे.

पश्चिमेची वस्ती तेव्हा लगेच संपत असे. मग मिठागरं, मग मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी आणि शेवटी समुद्रावरचं उत्तन. सगळं मिळून नऊ किलोमीटर. दिवसाला मोजक्या एसटी, अंधार पडला की त्याही नाहीत. गावागावांत जुन्या सुइणी होत्या आणि बहुतेक बाळंतपणं त्यांच्याच हातून होत. काही अडलं, किंवा अडेल असं वाटलं, की घरचा माणूस शेवटच्या एसटीच्या कंडक्टरकडे चिठ्ठी देई. कंडक्टर ती स्टेशनबाहेरच्या पानवाल्याला देई आणि पानवाला वहिनींना हाक मारी. चिठ्ठीत दोनच गोष्टी असत : कुणाची बायको, आणि कंदील कुठे. किनाऱ्यावरची घरं माडांत विखुरलेली. त्यांना नंबर नव्हते, पायवाटांना दिवे नव्हते. म्हणून ज्या ठिकाणी घराची पायवाट रस्त्यापासून फुटते तिथे घरचा एक पुरुष कंदील घेऊन उभा राही. तो कंदील हाच पत्ता. वहिनी सुरुवातीला टांग्याने जात. टांगेवाला कधी मिळे, कधी घोडा दमला म्हणून नाही म्हणे.

मोटारसायकल आली ती यासाठी. नवशिक्याने हात बसवायला घ्यावी अशी ती गाडी होती, साठ-सत्तर सीसीची, टू-स्ट्रोक. एका शाळामास्तरांनी हौसेने घेतली होती, दोनदा पडले आणि गाडी विकायला काढली. दत्ताराम तेव्हा तिशीला आला होता आणि त्याला सायकलशिवाय काही चालवता येत नव्हतं. मिठागराच्या बांधाशेजारच्या मोकळ्या जागेत तो चार रविवार शिकला. पहिल्या रविवारी क्लच सोडताना गाडी पुढे गेली आणि तो मागे बसलेलाच राहिला, जमिनीवर. वहिनी बांधावर बसून बघत होत्या. "अहो, ती तुम्हाला सोडून निघाली बघा," असं त्या म्हणाल्या. "जाऊ दे," दत्ताराम म्हणाला, "लांब कुठे जाणारे? पेट्रोल मीच भरतोय ना." पाचव्या आठवड्यात वहिनी मागे बसल्या, बाळंतपणाची बॅग मांडीवर आणि एक हात त्याच्या खांद्यावर.

गाडी एकट्याने ताशी पंचावन्नला जाई, मागे माणूस आणि बॅग असली की चाळीसच्या पुढे सरकत नसे. दिवा मॅग्नेटोवर चाले, म्हणजे इंजिन जितकं जोरात फिरेल तितका उजेड. गाडी हळू केली की दिवा निखाऱ्यासारखा लाल होई. खड्ड्यांच्या रस्त्यावर गाडी हळूच चालवावी लागे, म्हणजे जिथे उजेड हवा नेमका तिथेच तो नसे. तरी वर्षभर कुणाची तक्रार नव्हती. गावांना तो थरथरता पिवळा ठिपका ओळखीचा झाला. ठिपका डोंगरीच्या चढावर दिसला की खाली बायका चुलीवर पाणी ठेवत.

मग राईला एक बाळंतपण झालं. म्हणजे वहिनी पोचण्याआधीच झालं, सुखरूप. वहिनींनी नाळ तपासली, बाळाला पुसलं. दत्ताराम अंगणात उभा होता. त्या घरची म्हातारी बाहेर आली, गाडीकडे पाहिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "बाय चांगली हाय. पन ही तुजी फटफटी येईस्तवर आमची शेली दोनदा व्याली असती." अंगणभर हशा पिकला. दत्तारामही हसला. घरी आल्यावर त्याने फळ्यांची भिंत वाजवली आणि म्हणाला, "पेपरवाल्या, तुझं घड्याळ सेकंद दाखवतं ना?"

पुढचे सहा महिने त्याने गाडीवर काम केलं, रविवारी आणि कारखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीत. त्याची पद्धत अशी होती की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग नऊ किलोमीटर जाऊन यायचं आणि वेळ लिहायची. पहिल्या रविवारी वहिनींना मागे बसवून भाईंदर ते उत्तन एकोणतीस मिनिटं लागली. सायलेन्सरमधली काजळी जाळून काढली, त्यानंतर अठ्ठावीस. कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं जेट एक नंबर मोठं घातलं, सत्तावीस. मग त्याने साखळी ओढणारं पुढचं दातेरी चाक बदललं, बारा दात्यांच्या जागी चौदा. इंजिनाच्या प्रत्येक फेऱ्यात गाडी आता जास्त अंतर जाऊ लागली, पण डोंगरीच्या चढाला तिचा दम निघे. म्हणून त्याने इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, लेथवर लावून केसभर उतरवलं, ताकद थोडी वाढली आणि चढही निघाला. शेवटी त्याने सायलेन्सरमधली आतली जाळी काढून टाकली. त्याने वेळ फारशी कमी झाली नाही, आवाज मात्र पार बदलला. पूर्वीची फटफट जाऊन एक जाड, भरदार आवाज आला, दुप्पट मोठ्या गाडीचा. वहिनी म्हणाल्या, "हा आवाज ऐकून बाईला आधीच कळा येतील. मला काम कमी होईल." त्या रविवारी बावीस मिनिटं लागली. दत्तारामने आकडा दोनदा विचारला आणि घड्याळ हातात घेऊन स्वतः पाहिला.

वेगाने एक नवी अडचण आणली. चौदा दात्यांच्या चाकामुळे त्याच वेगाला इंजिन आता कमी फिरत होतं, आणि इंजिन कमी फिरलं की उजेड कमी. गाडी जास्त पळत होती आणि रस्ता पूर्वीपेक्षा कमी दिसत होता. राईच्या वळणावर एकदा म्हैस अगदी हातभर अंतरावर दिसली. तेव्हा त्याने दिव्याकडे मोर्चा वळवला. मॅग्नेटोवर अवलंबून राहायचं नाही, बॅटरी बसवायची, असं ठरलं. सहा व्होल्टची बॅटरी सीटखाली लोखंडी पेटी करून बसवली. ती चार्ज करायला स्टेशनजवळच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे देत. तो गुजराती गृहस्थ गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "मांडवकरभाई, ये मोटरसायकल है के शादी का मंडप?" दिवा मी आणला. मुंबईत छापखान्यामागे जुन्या मोटारींचे भाग विकणारे बसत. तिथे एका मोडीत निघालेल्या गाडीचा हेडलाइट मिळाला, ताटाएवढा, काच शाबूत. दत्तारामने त्याला पट्टी घडवून हँडलवर बसवलं. पहिल्या संध्याकाळी त्याने बटण दाबलं आणि चाळीच्या टोकाच्या भिंतीवर वाळत घातलेल्या कपड्यांच्या चिमट्यांची सावली पडली. पांढरा, स्थिर उजेड. इंजिन बंद असलं तरी तेवढाच. वहिनींनी पहिल्यांदाच मनापासून कौतुक केलं. "आता मला खड्डा आधी दिसेल," त्या म्हणाल्या, "आतापर्यंत बसल्यावरच कळायचा."

त्या काळी त्या किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट चालू होती. समुद्रातून चोरून माल उतरतो असा बोभाटा होता आणि तपासणीचे लोक अवेळी येत. त्यांच्यापैकी दोघे एका मोठ्या मोटारसायकलवरून गस्त घालत. पांढरा दिवा, जाड आवाज, भरधाव. ती गाडी दिसली की माणसं कंदील फुंकून घरात जात. चोर असो वा नसो, रस्त्यावर उभं राहून 'इथे काय करतोस' या प्रश्नाला उत्तर देण्याची कुणाची इच्छा नसे. हे दत्तारामला माहीत होतं. मलाही होतं. आम्ही दोघांनी ते कधीच एकत्र ठेवून पाहिलं नाही.

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. पानवाल्याकडे चिठ्ठी आली : 'काशिनाथची बायको. पहिलटकरीण. डोंगरी उतरून फाट्यावर कंदील.' काशिनाथ उत्तनचा, होडीवर खलाशी होता. नवीन दिवा लावून वहिनींना नेण्याची ती पहिलीच खेप. सात वाजायला वीस मिनिटं असताना ते निघाले. वहिनींच्या सांगण्यानुसार रस्ता दिवसासारखा दिसत होता आणि डोंगरी उतरून ते फाट्यापाशी आले तेव्हा जेमतेम सात वाजले होते. इतक्या लवकर ते कधीच पोचले नव्हते. फाट्यावर कंदील नव्हता. त्यांना वाटलं फाटा पुढे असेल. पुढे गेले, थेट उत्तनपर्यंत. तिथे दारं बंद, दिवे बंद. एका ओट्यावर विचारलं तर आतून उत्तर आलं नाही. मागे फिरले, पुन्हा फाट्यावरून गेले, पुन्हा कंदील नाही. दुसऱ्यांदा उत्तनला जाऊन वहिनी गाडीवरून उतरल्या आणि चालत एका दाराशी जाऊन ओरडल्या, "अगं मी नर्सबाई आहे!" तेव्हा दार उघडलं. ती बाई त्यांना घेऊन निघाली. काशिनाथचं घर फाट्यापासून तीनशे पावलांवर होतं. पाऊण तास गेला होता.

मूल जन्मलेलं होतं. मुलगा. तो रडला नाही. वहिनींनी जे करायचं ते सगळं केलं, वीस मिनिटं केलं. मग त्या आईकडे वळल्या. जानकीचा रक्तस्राव थांबत नव्हता, तो थांबवायला आणखी तासभर गेला. जानकी वाचली. त्या बाहेर आल्या तेव्हा काशिनाथ दारात उभा होता, हातात विझलेला कंदील. तो त्यांच्याशी बोलला नाही, दत्तारामशी बोलला. "मी उबा होतो फाट्यावर," तो म्हणाला. "कवाधरना उबा होतो. आवाज आयकला, ह्यो उजेड बगला... मना वाटला गस्तीची गाडी हाय. कंदील फुकला न् माडात बसलो. दुसऱ्यांदा आली, तवाबी बसलो." वर्षापूर्वी त्याला दोन दिवस चौकशीला नेलं होतं. काही निघालं नाही म्हणून सोडलं होतं. त्याच्यावर कुणी रागावलं नाही. दत्ताराम काय म्हणाला असं मी वहिनींना तेव्हा विचारलं होतं.  त्याने गाडीवरचा दिवा बंद केला, त्या म्हणाल्या. तो तोवर चालूच होता.

पाऊण तास आधी पोचले असते तर मूल वाचलं असतं का, याचं उत्तर वहिनींनी कधी दिलं नाही. त्यांना ते माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेली गोष्ट त्या सांगत नसत. दत्तारामने ते उत्तर स्वतःच देऊन टाकलं होतं. अकरा दिवस गाडी चाळीच्या जिन्याखाली उभी राहिली. वहिनी टांग्याने जात. बाराव्या दिवशी तो पाना घेऊन खाली बसला आणि हेडलाइटचे बोल्ट सैल करू लागला. वहिनी जिन्यात येऊन उभ्या राहिल्या. पुढचं संभाषण मी खिडकीतून ऐकलं.

"काय करताय?"

"काढतोय. जुना लावतो."

"आणि म्हैस आडवी आली की?"

त्याने पाना पुढच्या बोल्टला लावला.

"दिवा राहू दे," वहिनी म्हणाल्या. "त्या दिवशी मला रस्ता दिसला. पण आपला दिवा एवढा होता की त्याचा कंदील असता तरी दिसला नसता... फाटा आला की आपला बंद करत जा. थांबा. त्याला दिसू दे, मग आपल्याला दिसेल."

दत्ताराम थोडा वेळ पाना हातात फिरवत बसला. मग त्याने बोल्ट पुन्हा आवळले. सायलेन्सरची जाळी त्याच दिवशी परत बसली आणि आवाज बराचसा पूर्वीसारखा झाला. दिव्याचं बटण त्याने हँडलवर डाव्या अंगठ्याखाली आणलं. पुढचे तीन रविवार तो वेळ मोजायला गेला नाही. तो भर दिवसा गाडी घेऊन मुर्ध्यापासून उत्तनपर्यंत गेला, घरोघर थांबला आणि प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट सांगितली : मोठा पांढरा दिवा दिसला तर लगेच पळू नका, बघत राहा. वळणावर तो विझला तर नर्सबाई आहेत. गस्तवाले दिवा कधीच विझवत नाहीत. मोर्व्याला एकाने विचारलं, "आनि तुजा बल्ब आपनहून गेला तर?" "तरी मीच असेन," दत्ताराम म्हणाला, "गस्तवाल्यांचे बल्ब सरकारी असतात, जात नाहीत." लोक हसले आणि त्यांनी लक्षात ठेवलं. उत्तनच्या सगळ्या घरांत तो गेला, एक घर सोडून. काशिनाथच्या पायवाटेपाशी तो गाडी वळवून परत येई. "त्या दारात मी काय सांगू?" असं तो मला म्हणाला होता.

पद्धत मात्र बसली. डोंगरीचा उतार सुरू झाला की तो इंजिन बंद करी, दिवा बंद करी आणि गाडी उतारावर सोडून देई. चेनचा बारीक आवाज आणि वारा. खाली पोचून थांबायचं, पाय टेकायचे आणि अंधारात बघत राहायचं. कंदील कुठूनतरी वर येई. या थांबण्यात तीन-चार मिनिटं जात, म्हणजे सहा महिने खपून वाचवलेल्या सात मिनिटांतली अर्धी. ते त्याला चाललं. चौदा दात्यांचं चाक त्याने काढलं नाही, कारण सरळ रस्त्यावर ते उपयोगाचं होतं. पण घड्याळ त्याने माझ्याकडे पुन्हा मागितलं नाही.

या काळात मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी, उत्तन, सगळीकडून चिठ्ठ्या येत राहिल्या. काशिनाथच्या घरातून आली नाही. दत्ताराम कंडक्टरला अधूनमधून विचारी, सहज विचारल्यासारखं, उत्तनचं काय चाललंय. कंडक्टर हुशार होता, त्याला प्रश्न कळे. "हाय त्याचा बरा," तो म्हणे, "होडीवर जातोय." दोन वर्षं गेली. जानकीला पुन्हा दिवस गेल्याचं वहिनींना बाजारात कळलं. त्यांनी घरी सांगितलं नाही. दत्तारामला ते कंडक्टरकडून कळलं. त्यानेही घरी सांगितलं नाही. फळ्यांच्या भिंतीच्या या बाजूला मला दोघांकडून कळलं होतं, आणि मीही गप्प राहिलो. त्या घराला त्यांना बोलवायचं नसेल तर त्याबद्दल बोलण्याचा हक्क आमच्यापैकी कुणालाच नव्हता.

एका दुपारी मी पाळीवर निघालो होतो. दत्ताराम पानवाल्याच्या दुकानासमोर उभा होता, हातात चिठ्ठी. त्याने ती माझ्यापुढे धरली. 'काशिनाथची बायको. फाट्यावर कंदील.' अक्षर कंडक्टरचं होतं, या वेळी दुपारच्याच एसटीने आली होती. "अजून उजेड आहे," मी म्हटलं, "आत्ताच निघा." तो म्हणाला, "कुसुम प्रसूतिगृहात अडकलीय. सुटेल तेव्हा निघू." मग त्याने चिठ्ठीची घडी घातली आणि ती उलगडून पुन्हा वाचली. मला जायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नळावर तोंड धूत होता. मी विचारलं. "मुलगी," तो म्हणाला. "दोघी बऱ्या आहेत." एवढंच. त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षांत त्या प्रवासाबद्दल तो माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. सत्तरच्या दशकाच्या शेवटी एसटी वाढल्या, उत्तनला दवाखाना झाला, गाडी विकली गेली. तो कारखान्यातून निवृत्त झाला, चाळ पाडली गेली, मांडवकर इंद्रलोकला गेले आणि मी शांती नगरला. महिन्यातून एकदा भेट होई. तो इंजिनांबद्दल बोले, गुडघ्यांबद्दल बोले.

तो गेल्यानंतर तीन आठवड्यांनी मी वहिनींना भेटायला गेलो. हॉलमध्ये त्या एकट्याच होत्या. खाली सोसायटीच्या गेटवर कुणाची तरी मोटारसायकल चालू होत नव्हती, किक मारल्याचा आवाज येत होता. वहिनी ऐकत होत्या. "हे असते तर एव्हाना खाली गेले असते," त्या म्हणाल्या. मग त्यांनी आपणहून त्या संध्याकाळची हकिगत सांगितली. मी मधे प्रश्न विचारला नाही. त्यांच्याच शब्दांत देतो.

"निघायला उशीर झाला, मुर्ध्यालाच अंधार पडला. डोंगरी उतरताना दिवा बंद केला. खाली येऊन थांबलो. काहीच नाही... कंदील नाही, माणूस नाही. मला वाटलं, झालं, आता हे गाडी वळवतात की काय. तेवढ्यात समोर उजेड. एक नाही, दोन. काशिनाथ रस्त्याच्या अगदी मधोमध उभा, दोन हातांत दोन कंदील. माडाच्या आडून आत्ता बाहेर आला होता. ह्यांच्याजवळ आला आणि म्हणाला, 'आलास? मना वाटला, येतो का न्हाय.' मीच म्हटलं, चल बाबा, आधी घर दाखव. मग बरेच तास गेले. मी आत. हे दोघे बाहेर, बोंबील वाळवायच्या काठ्यांखाली बसलेले. मी मधे एकदा पाणी मागायला डोकावले तर दोघं शेजारी शेजारी, तोंडं समुद्राकडे. पोरगी झाली तेव्हा उजाडत होतं. मोठ्यांदा रडली, अगदी भांडल्यासारखी. बाहेर आले तर काशिनाथ दोन्ही कंदील फुंकत होता. एक फुंकला, दुसरा ह्यांच्यापुढे धरला. तो ह्यांनी फुंकला."

त्या पाणी प्यायल्या. गेटवरची मोटारसायकल एव्हाना चालू झाली होती आणि निघून गेली होती.

"येताना मुर्ध्यापुढे मिठागरातला तो सरळ पट्टा लागला. ऊन आलं होतं, मिठाचे ढीग नुसते चमकत होते, रस्त्यावर कुणी नाही. मी म्हटलं, 'अहो, आता पळवा.' मी गाडीवर बसून असं कधी म्हटलं नव्हतं, आधीही नाही, नंतरही नाही. त्यांनी पळवली. एवढी पळवली की माझा पदर सुटला. एक हात बॅगेवर, एक ह्यांच्या खांद्यावर. आणि खांदा सारखा हलतोय. थांबतच नाही. मला वाटलं, काय हा रस्ता, इथे तरी नीट करायचा. घरी येईपर्यंत मी तेच म्हणत होते मनात..."

वहिनींनी पदर खांद्यावर सारखा केला.

"दुसऱ्या खेपेला तिथून जाताना बघितलं, भावोजी. तो पट्टा आमच्या त्या खेपेच्या महिनाभर आधीच डांबरी झाला होता."